पाहिजेच, आणि असलं तर बरं

सुनंदाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर बोर्ड तापलेला होता. कुठल्याशा कारखान्यातल्या मोटारीचा वेग सांभाळणारा तो बोर्ड, त्यावरची मेलेली चिप उतरवायची आणि नवी बसवायची. देवासला घराच्या पुढच्या खोलीत बसून गेली कित्येक वर्षं मी हेच काम करते. खालचा हीटर चालू होता, वरून गरम हवा सुटलेली, सोल्डर वितळायच्या बेतात. हात मोकळे नव्हते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "वन्सं," सुनंदा म्हणाली, "हे गेले." मला वाटलं, कुठे गेले? इंदूरला? मग ती हिंदीत म्हणाली, "वर्कशॉप में ही… खड़े-खड़े गिर गए." आणि फोनवर नुसता तिथला आवाज येत राहिला, माणसांचा, गाड्यांचा. मी काय केलं सांगू? आधी वरची हवा बंद केली. मग खालचा हीटर हळूहळू उतरवत आणला, कारण एकदम बंद केला की बोर्ड वाकतो. हे मला शिरूनेच बजावून ठेवलेलं. बोर्ड वाचला, आणि मग मी जमिनीवर बसले. काय बाई आहे, असं वाटेल कुणाला. वाटू दे.

शिरू म्हणजे श्रीकांत, माझा धाकटा भाऊ. धारला मुलांना मशीन ड्रॉइंग शिकवायचा. हृदयाच्या झटक्याने गेला. आता काही आठवडे झाले. या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल लोक फार गोड लिहितात, मी आवडीने वाचते, पण मला ते जमणार नाही. मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे आणि हे सगळं चिडूनच लिहिते आहे.

त्याची एक सवय आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. कुठलीही गोष्ट करायची ठरली की शिरू तिचे दोन रकाने पाडायचा. एक 'पाहिजेच' आणि दुसरा 'असलं तर बरं'. कॉलेजात त्याला कुणा मास्तरांनी शिकवलं होतं, की यंत्र काढायला बसलास की पेन्सिल लगेच चालवू नकोस. आधी त्या यंत्राकडून काय काय हवं ते लिही, त्यातलं कशावाचून अडेल आणि कशावाचून चालेल ते वेगळं कर, मग एकेका कामाचे चार-पाच मार्ग शोध, अगदी वेडगळ वाटले तरी लिही, आणि शेवटी त्यांतून निवड. चांगली शिकवण आहे, मी नावं ठेवत नाही. पण या पोराने ती घरात आणली! आमच्या दादांचे, म्हणजे वडिलांचे, हात थरथरायचे. चहाची बशी अशी वाजायची की स्वयंपाकघरात कळावं, दादांनी कप उचलला. शिरूने लगेच कागद घेतला. चहा अंगावर सांडू नये, पाहिजेच. कप नेहमीचाच असावा, म्हणजे दादांना लाज वाटणार नाही, हेही पाहिजेच. बशी वाजू नये, असलं तर बरं. मग मार्ग… नळी, झाकण, जड बूड, टेबलाला कडी, काय वाट्टेल ते. आठवडाभर आम्ही हसतो आहोत. आणि शेवटी साहेबांनी आईला सांगितलं, "दादांना अर्धा अर्धा कप दोनदा दे." बस, इतकंच. दादांनी त्यानंतर मरेपर्यंत चहा सांडला नाही.

मुलगी बघायला बदनावरला गेलो तेव्हाही हेच. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि हा सुनंदाला म्हणतो कसा, "माझं पाहिजेच एवढंच आहे की आईशी मराठीत बोलता आलं पाहिजे. बाकी सगळं असलं तर बरं." आई कपाळाला हात लावून बसली. सुनंदा शिकली हिंदी शाळेत, वाढली माळव्यात, तिच्या तोंडून निघून गेलं, "तो मैं पास हूँ क्या, भिया?" नवऱ्या मुलाला भिया, म्हणजे भाऊ! सगळं बदनावर हसलं असेल त्या दिवशी. शिरू मात्र गंभीरपणे म्हणाला, "पास." पुढे आईशी ती अशी मराठी बोलायला लागली की मला वन्सं म्हणणारी आता धार जिल्ह्यात तीच एक उरली असेल.

आता माझं. मी लग्न केलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून देवासला एका कारखान्यात लागले, तो बंद पडला, मग घरीच दुरुस्तीचं बसवलं. हल्लीच्या चिपांना पाय नसतात. पोटाखाली सोल्डरचे बारीक मणी असतात, मोहरीहून लहान, आणि चिप बोर्डावर बसली की ते दिसतही नाहीत. सगळे मणी एकदम वितळले पाहिजेत. त्याआधी ओढलंत तर बोर्डावरचा तांबा उखडून येतो. नवी चिप ठेवताना केसभर सरकली तरी दोन मणी एकमेकांना चिकटतात आणि संपलं, बोर्ड फेका. हे मी नुसत्या हाताने करायची, चिमटा, गरम हवेची नळी आणि भिंग घेऊन. देवासच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या हाताचं नाव होतं. गर्व म्हणा हवं तर. एका बाईला एकटीने उभं राहायला एवढं पुरतं.

आणि मग तो हात थरथरायला लागला. दादांचाच कंप, उजव्या हाताला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, घरात असतो असा, गोळीने थोडा कमी होईल. जिवाला धोका नाही! मी त्यांना म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही माझा जीव कुठे असतो ते बघितलंच नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. शिरूला कळलं ते भाऊबीजेला, ओवाळताना. तबकातलं निरांजन थडथडत होतं. त्याने बघितलं, लाडू खाल्ला, आणि आरामात विचारलं, "अक्का, चिप बसवताना तुला पाहिजेच काय आहे?" मी म्हटलं, गप बस. तो म्हणाला, "नवीन हात सोडून सांग." मी उठून आत गेले आणि बराच वेळ भांडी घासत राहिले.

पुढच्या भाऊबीजेला ओवाळणी म्हणून साडी आली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट आली, ॲल्युमिनियमची, एक बाजू पक्की आणि दुसरी बारीक स्प्रिंगांवर सरकणारी. "बोर्ड धरायला," म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे पकड आहे की. "तुझी पकड दोन्हीकडून आवळते. बोर्ड तापला की वाढतो, त्याला वाढायला जागा नाही मिळाली की तो मधे फुगतो. मग तुझी चिप एका कोपऱ्यावर उभी." इतकी वर्षं मी ते फुगणं बोटाने ओळखून सांभाळून घेत आले होते, आणि या माणसाने ते सांभाळायची गरजच काढून टाकली. मला आनंद झाला असं समजू नका. मला राग आला. मग कळलं, की त्याने पूर्ण यंत्र मांडून ठेवलंय. बोर्ड धरणे, खालून सगळा तापवणे, वरून फक्त चिपेपुरतं तापवणे, चिप उचलणे, चिप ठेवणे. एकेक काम सुटं काढलेलं, प्रत्येकाचे मार्ग लिहिलेले, आणि दर भाऊबीजेला एक काम पुरं करून आणायचं असा बेत. "बाजारात अख्खं मशीन मिळतं रे," मी म्हटलं. "मिळतं. पण ते चांगल्या हाताच्या माणसासाठी काढलेलं आहे. आपलं पहिलंच पाहिजेच वेगळं आहे." आणि मला ऐकवलं, तोंडपाठ होतं त्याला: अक्काचा हात थरथरला तरी चिप सरळ बसली पाहिजे.

मग खालचा हीटर आला. मग वरच्या हवेचं तोंड. चिप उचलायला त्याने इतकी कमजोर स्प्रिंग लावली, की सोल्डर पुरतं वितळल्याशिवाय तिच्याने चिप उचलवायचीच नाही. वितळलं की आपोआप, टक्. माणसाने घाई केली तरी तांबा उखडायची सोयच नाही. "ओढायचं कामच ठेवलं नाही तुला," म्हणाला. उरलं ठेवणं, सगळ्यांत अवघड. त्यासाठी एकदा धारहून आला आणि माझ्या मनगटाला पेन बांधून म्हणाला, कागदावर टेकव आणि स्थिर धर. पेन कागदभर तडफडलं. मी पेन सोडून भिरकावलं. "माझी फजिती कागदावर काढतोस? दादांची काढली होतीस का?" तो खाली वाकून पेन शोधत म्हणाला, "दादांचं मोजलं असतं तर बशीही वाजली नसती, अक्का." मी पेन पुन्हा बांधून घेतलं.

त्यातून त्याने एक लांब दांडा काढला. इकडच्या टोकाला माझा हात, तिकडच्या टोकाला चिप. हात बोटभर हलला की चिप केसभर हलावी, म्हणजे थरथरही तेवढीच आटते. कागदावर सुरेख. बनवला तर चालेना, कारण दांडा जिथे वळायचा तिथली खिळ्याची बिजागरी जराशी सैल असायची आणि ती सैल जागाच माझ्या थरथरीने खुळखुळायची. दुसरी केली, तीही सैल. त्या वर्षी भाऊबीजेला तो रिकाम्या हाताने आला. मग कधीतरी फोन आला, लहान मुलासारखा ओरडत, "अक्का, बिजागरीच नको! पोलादाची पातळ पट्टी लावू. पट्टी नुसती वाकते, तिला सैल व्हायला काही नाहीच!" मला अजून तो आवाज ऐकू येतो.

आणि याच्या मागोमाग तो टेकडीवर थांबला. देवासला आला होता, देवीच्या दर्शनाला निघालो, आणि अर्ध्यावर कठड्याला टेकला. तोंडाला घाम. म्हणाला, "ॲसिडिटी." मी त्याला खाली आणला आणि दुसऱ्या दिवशी इंदूरला नेला. हृदयाच्या नळ्या बंद होत होत्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, बायपास करा, लवकर करा, थांबण्यात अर्थ नाही.

सुनंदा इंदूरलाच येऊन मिळाली होती. आम्ही तिघं धारला घरी आलो, आणि तिथे आमच्या घरात जे घडलं ते दुसऱ्या कुठल्या घरात घडलं नसतं. शिरूने फळा पुसला, शिकवण्यासाठी भिंतीला लावलेला तो पांढरा फळा, आणि रकाने पाडले. मी बघतच राहिले. त्याच महिन्यात माझ्या हातून एका कारखान्याचा महागडा बोर्ड गेला होता, आणि त्यांनी सांगितलं होतं, मॅडमजी, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर काम इंदूरला देऊ. शिरूला ते माहीत होतं. त्याने 'पाहिजेच'मध्ये लिहिलं, दिवाळीच्या आत दांडा पुरा. आणि 'असलं तर बरं'मध्ये लिहिलं, ऑपरेशन लगेच. सुनंदा ओरडली, "ये क्या लिख रहे हो!" तो शांत. "ऑपरेशन झालं की किती तरी दिवस हात वर करू देत नाहीत. वर्कशॉपात उभं राहू देत नाहीत. पट्टी कशी बसवायची ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. तोवर अक्काचं काम गेलं." मी म्हटलं, "गेलं तर खड्ड्यात जाऊ दे! मी पापड लाटून पोट भरीन." "या हाताने? पापडाचे नकाशे होतील." आणि हसला. मी उठले आणि हाताने फळा पुसून टाकला, सगळा. माझा तळवा निळा झाला. तो म्हणाला, "फळा पुसून उत्तर बदलत नाही, अक्का." "उत्तर नाही, गाढवा, प्रश्न चुकलाय तुझा! तू रकान्यात बसणारी वस्तू आहेस का?" त्याने वाद घातला नाही. गोळ्या घेईन, जिने चढणार नाही, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी इंदूर, तारीख घेऊन ठेवतो. आणि घेतलीही. सुनंदाने देवापुढे शपथ घालून बघितली, मी बोलणं टाकून बघितलं. माणूस स्वभावाने सौम्य आणि आतून दगड, त्याला कोण हलवणार?

दांडा धारच्या रफीकभाईंच्या वर्कशॉपात बनत होता, तिथे तो रोज कॉलेज सुटल्यावर जायचा. रफीकभाईंनी मला नंतर सांगितलं, "दीदी, मैंने स्टूल रख दिया था, बैठते ही नहीं थे. आखरी पट्टी कस के बोले, हो गया रफीक, चाय मंगा." चहा आला तोवर तो खाली पडलेला होता. हो गया, म्हणे.

दिवसवार झाले. धारच्या त्या घरात माणसं येत होती, जात होती, त्याचे विद्यार्थी, तिरल्याचे, बदनावरचे. प्रत्येकजण म्हणायचा, सर फार पद्धतशीर होते. मला ते शब्द ऐकवत नव्हते. पद्धतशीरपणे मेला, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. सुनंदा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. त्यात मला नवल वाटलं नाही. तिच्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते. परत निघताना तिने मला हळद-कुंकवाचं विचारलं नाही, नेहमीप्रमाणे वाटेत तोंडात टाकायला मुठीत लवंग-वेलदोडे मात्र ठेवले, आणि दार लावून घेतलं.

वर्षाच्या आत सण नसतो, त्यामुळे यंदा आकाशकंदील नाही, फराळ नाही. भाऊबीजेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून घरात पडून होते. शेजारणीने सांगितलं, ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, तुम्हीही ओवाळा. मी तिला म्हटलं, बाई गं, चंद्राने माझं काय केलंय? तर दुपारी दारात ऑटो थांबला आणि सुनंदा उतरली. तिचा स्वतःचा भाऊ बदनावरला, त्याच्याकडे न जाता ही धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास, एकटी, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबडं पुडकं घेऊन. पाणीही न पिता तिने ते टेबलावर ठेवलं. "त्यांनी आज द्यायचं सांगितलं होतं," म्हणाली.

मी म्हटलं, सुनंदा, मी याला हात लावणार नाही. भट्टीत टाकते मी हे. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलली. "वन्सं, चालू करा. माझ्यासमोर चालू करा. मला बघायचंय, हे कशापायी गेले."

आम्ही दोघींनी तो दांडा बसवला. भोकं भोकांवर आली, एकही स्क्रू ओढाताण करून बसवावा लागला नाही. एक टाकाऊ बोर्ड घेतला, चौकटीत धरला, खालचा हीटर लावला. जुनी चिप टक् करून सुटली. नवी दांड्याच्या टोकाला लावली आणि मी हात ठेवला. हात थरथरत होता, त्या दिवशी तर नेहमीपेक्षा जास्त, मूठच्या मूठ हलत होती. सुनंदा माझ्या हाताकडे बघत होती आणि मी भिंगातून चिपेकडे. चिप हलत नव्हती. इकडे एवढा कल्लोळ आणि तिकडे ती जागच्या जागी, रेषेला रेष. मी दांडा खाली आणला. चिप बसली. भिंगातून सुनंदालाही दाखवलं. तिला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे, पण तिने बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाली, "सरळ आहे." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती जी रडायला लागली, ती दिवेलागणीपर्यंत.

कारखान्याचं काम माझ्याकडेच राहिलं आहे. सांगितलेलं सगळं शिरूने पुरं केलं, दिवाळीच्या आत. सुनंदा आता अधूनमधून येते, तो आला की यंत्राजवळ ज्या स्टुलावर बसायचा, त्यावर बसते. त्यांची पोरगी पुण्याला असते, तिला मराठी वाचायला जड जातं, तर हा लेख छापून आला की सुनंदाने तिला फोनवर वाचून दाखवायचा असं ठरलंय.

रोज सकाळी मी खालचा हीटर लावते आणि बोर्ड तापेपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळात हात नुसता दांड्यावर असतो. तो थरथरतो, आणि पट्टी ती थरथर पिऊन टाकते, दमत नाही, सैल होत नाही. तिच्याकडे बघत मी रोज त्याच्याशी भांडते. फळा तर मी तेव्हाच पुसला होता, पण तुझ्या डोक्यातला रकाना कोण पुसणार होतं? चांगला हात असलं तर बरं होतं, शिरू. हे काम, ही खोली, माझं नाव, सगळं असलं तर बरं होतं रे. तू पाहिजेच होतास.